शिवी ऐकली, मान नाही पाहिली : खेळातल्या दंडाचा न्याय



मागच्या आठवड्यात आम्ही अकोल्यात होतो. तिथं व्याख्यान संपल्यावर चहाच्या वेळी एका ज्येष्ठ गृहस्थांनी आम्हाला थांबवलं. म्हणाले, "सर, हे क्रिकेटवाले कोट्यवधी कमावतात. त्यांनी लाख-दोन लाख दंड भरला काय अन् नाही भरला काय, आपल्याले काय करायचं?" तिथं उत्तर सुचलं नाही. परतीच्या प्रवासात मूर्तिजापूर येईपर्यंत तोच प्रश्न डोक्यात होता. आज अमरावतीत त्याचंच उत्तर द्यायचा प्रयत्न करतो. विषय असा : खेळात एकानं दुसऱ्याच्या शरीराला धोका केला, तर त्याला होणारा दंड न्याय्य असतो का?

सुरुवात शब्दापासून करू, कारण शब्द या गावाच्या ओळखीचा आहे. या शहरात १९१४ साली श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभं राहिलं. वैद्य बंधूंनी लावलेल्या या आखाड्यात पिढ्यान् पिढ्या पोरांनी दंड मारले. दंड म्हणजे बाहू. दंड म्हणजे जोर-बैठकांतला तो व्यायाम. दंड म्हणजे काठी. आणि दंड म्हणजे शिक्षा म्हणून भरायचे पैसे. ज्या दंडानं माणूस मारतो आणि जो दंड माणूस भरतो, दोघांना मराठीत एकच शब्द. आमची आजची तक्रार एवढीच आहे की आजच्या व्यावसायिक खेळात या दोन दंडांचा एकमेकांशी संबंध तुटत चालला आहे.

कसा, ते एका सामन्यावरून पाहू. सामना तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिला असणार, कारण त्यात आपला माणूस होता.

२७ मे २०२५, लखनौ. आयपीएलच्या साखळी फेरीतला शेवटचा सामना. लखनौच्या ऋषभ पंतनं नाबाद ११८ केल्या आणि बेंगळुरूपुढं २२८ धावांचं लक्ष्य आलं. अमरावतीचा जितेश शर्मा त्या दिवशी बेंगळुरूचा कर्णधार होता. त्यानं ३३ चेंडूंत नाबाद ८५ धावा काढून सामना जिंकून दिला. या खेळीच्या मध्येच एक प्रसंग घडला. गोलंदाज दिग्वेश राठीनं चेंडू न टाकता पलीकडच्या टोकाला उभ्या असलेल्या जितेशला धावबाद करण्याचा प्रयत्न केला. तिसऱ्या पंचानं नाबाद दिलं, आणि पंतनं अपीलही मागं घेतलं. दोघांनी एकमेकांना मिठी मारली. लोकांना तो क्षण आवडला, आम्हालाही आवडला.

पण आम्ही तुम्हाला त्या दिवशीचा हिशेब दाखवणार आहोत. दिग्वेश राठी त्या हंगामात तीनदा दंडाला सामोरा गेला होता. पंजाबविरुद्ध बळी घेतल्यावर त्यानं हातावर वहीत नाव लिहिल्याचा अभिनय केला : सामन्याच्या मानधनाच्या २५ टक्के. मुंबईविरुद्ध पुन्हा तोच अभिनय : ५० टक्के. हैदराबादविरुद्ध पुन्हा वही, त्यावरून अभिषेक शर्माशी बाचाबाची : आणखी ५० टक्के, आणि डिमेरिट गुण साचले म्हणून एका सामन्याचं निलंबन. आयपीएलमध्ये त्या वर्षी एका सामन्याचं मानधन साडेसात लाख रुपये होतं. म्हणजे तीन दंड मिळून ९ लाख ३७ हजार ५०० रुपये. हा मुलगा लिलावात ३० लाखांना घेतलेला होता. हवेत वही लिहिण्याची आणि भांडणाची किंमत, कराराच्या रकमेच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शाएवढी.

आणि त्याच सामन्यात पंतला किती दंड झाला? ३० लाख. कशाबद्दल? षटकं वेळेत न टाकल्याबद्दल, हंगामातला तिसरा गुन्हा म्हणून.

आता दुसऱ्या पारड्यात काय ठेवायचं ते पाहू. नोव्हेंबर २०२१, मीरपूर. पाकिस्तानच्या शाहीन आफ्रिदीनं आपल्याच गोलंदाजीवर चेंडू अडवला आणि क्रीजमध्ये उभ्या असलेल्या बांगलादेशच्या अफिफ हुसेनच्या दिशेनं जोरात फेकला. चेंडू लागून फलंदाज खाली कोसळला. दंड : मानधनाच्या १५ टक्के. २६ डिसेंबर २०२४, मेलबर्न. पहिलाच कसोटी सामना खेळणाऱ्या १९ वर्षांच्या सॅम कॉन्स्टसला विराट कोहलीनं चालता चालता खांदा मारला. दंड : २० टक्के.

हे दोन आंतरराष्ट्रीय सामने, वरचे आयपीएलचे. संहिता वेगळ्या, मानधन वेगळं, हे आम्हाला मान्य आहे. पण प्रमाण बघा. माणसाला चेंडू मारून पाडलं, पंधरा. खांदा मारला, वीस. हवेत वही लिहिली, पंचवीस, मग पन्नास.

कोणी म्हणेल, हे क्रिकेटचं झालं, धसमुसळ्या खेळांत असं नसेल. तर फुटबॉलकडे चला. २१ एप्रिल २००१, मँचेस्टर. युनायटेडच्या रॉय कीननं सिटीच्या आल्फ-इंगे हालांडच्या गुडघ्यावर बूट रोवला. आज गोलांचा पाऊस पाडणारा अर्लिंग हालांड, त्याचे हे वडील. कीनला लाल कार्ड, तीन सामन्यांची बंदी आणि ५ हजार पौंड दंड झाला. पुढच्या वर्षी कीनचं आत्मचरित्र आलं. तो फटका आपण ठरवून मारला, असं त्यात होतं. मग इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेनं पुन्हा कारवाई केली. पाच सामन्यांची बंदी आणि दीड लाख पौंड दंड. म्हणजे पाय मारल्याचे ५ हजार, आणि मारला असं लिहिल्याचे १ लाख ५० हजार. तीसपट!

संघटनेची बाजूही सांगायला हवी. पुस्तकामुळं हेतू उघड झाला, त्यातून पैसे कमावले गेले, म्हणून शिक्षा वाढली. ठीक आहे. पण मग हेतू न कळलेल्या फटक्याचे ५ हजार कशाच्या हिशेबानं ठरले होते? गुडघा तर तोच होता.

इथं आम्हाला कौटिल्य आठवतो. र. पं. कंगले यांनी मुंबई विद्यापीठासाठी अर्थशास्त्राची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. तिच्या तिसऱ्या अधिकरणात दोन प्रकरणं लागोपाठ येतात. एक वाक्पारुष्याचं, म्हणजे बोलण्यानं केलेल्या आगळिकीचं. दुसरं दंडपारुष्याचं, म्हणजे हातापायानं केलेल्या आगळिकीचं. नुसता स्पर्श, हात उगारणं, प्रत्यक्ष मारणं अशा पायऱ्या त्यात लावल्या आहेत. बोलण्याचे दंड साधारण काही पणांचे आहेत. मान किंवा मांडी मोडली, डोळा फुटला, तर मध्यम साहसदंड, म्हणजे २०० ते ५०० पण. आणि त्याच्या वर आणखी एक गोष्ट : समुत्थानव्यय. मार खाल्लेला माणूस पुन्हा उठून उभा राहीपर्यंत जो खर्च येईल, तो मारणाऱ्यानं द्यायचा.

आता लगेच सांगतो, आम्ही जुन्याचे भाट नाही. त्याच ग्रंथात दंड वर्णानुसार बदलतो, खालच्या मानलेल्या माणसानं वरच्यावर हात उगारला तर अवयव तोडण्यापर्यंत शिक्षा जाते. ते आपण टाकून दिलेलं आहे आणि टाकूनच द्यायला हवं. घ्यायचं ते एवढंच : शब्द आणि शरीर यांच्यासाठी दोन वेगळ्या पट्ट्या असाव्यात, शरीराची पट्टी लांब असावी, आणि ज्याला लागलं त्याचं नाव दंडाच्या हिशेबात यावं. आजच्या आचारसंहिता वाचल्या तर शब्द, हावभाव, पंचाच्या निर्णयावर नाराजी, स्टंपला लाथ, कपडे-साहित्याची आदळआपट आणि दुसऱ्या खेळाडूला धक्का, हे सगळं एकाच यादीत एकाखाली एक मांडलेलं दिसतं. यादी नीट वाचली की एक गोष्ट लक्षात येते. त्यातल्या बहुतेक कलमांत दुखावला जाणारा पक्ष म्हणजे खेळाची प्रतिष्ठा. संस्थेचा मान. माणसाची मान त्यात फार थोड्या जागी येते.

असं का होतं? संस्था वाईट आहेत म्हणून, असं म्हणणं सोपं आहे, पण ते खरं नाही. कारणं व्यवहारी आहेत. हावभाव कॅमेऱ्यात स्वच्छ दिसतो, हेतू दिसत नाही. षटक किती मिनिटांत टाकलं ते घड्याळ सांगतं, फटका किती धोक्याचा होता ते घड्याळ सांगत नाही. आणि षटकं रेंगाळली की प्रक्षेपणाचं वेळापत्रक बिघडतं. जे मोजता येतं त्याला दंड जास्त, जे तोलावं लागतं त्याला कमी. आम्हाला हे कळतं. कारण आम्ही स्वतः हेच केलेलं आहे.

ती गोष्ट सांगतो. फार वर्षं झाली. दर्यापूरच्या बाजूला एका गावात कबड्डीच्या खुल्या स्पर्धा होत्या, आणि नेमलेला पंच आला नाही म्हणून आम्हाला उभं केलं. गावाचं नाव सांगत नाही. उपांत्य सामना, अंधार पडलेला, हॅलोजन लावलेले, दोन्हीकडचे लोक रेषेपर्यंत आलेले. एक पोरगा चढाईला गेला. पाचसहा जणांनी त्याला घेरलं, त्यातल्या एकानं मागून मानेत हात घालून त्याला खाली आणलं. पोरगा खांद्यावर पडला. आम्ही बाजूला होतो, पुढं माणसं होती, नीट दिसलं नाही. आम्ही त्याला बाद दिलं. तो उठला आणि आमच्याकडे पाहून त्यानं एक सणसणीत शिवी हासडली.

शिवी मात्र स्वच्छ ऐकू आली. आम्ही त्याच्या संघाच्या बक्षिसातून ५०० रुपये दंड कापायला लावला. तेव्हा ५०० रुपये म्हणजे थोडी रक्कम नव्हती. पोरगा एका हातानं खांदा धरून आमच्याकडे आला आणि म्हणाला, "भाऊ, तुमी शिवी आयकली, माही मान नाही पायली."

दुसऱ्या दिवशी कळलं, त्याच्या गळ्याजवळचं हाड मोडलं होतं. पोरगा जिनिंगमध्ये कामाला जायचा, रोजीवर. दिवस कापसाचे, काम जोरात, आणि हा दीड महिना घरी. आयोजकांनी टोपी फिरवली, थोडी वर्गणी जमली. मान धरणारा पोरगा अंतिम सामना खेळला. ५०० रुपये स्पर्धेच्या खात्यात जमा झाले, बहुधा मंडपवाल्याला गेले असतील.

तर आम्ही आज जी टीका करतोय, ती वरून खाली बघून नाही. त्या संहिता लिहिणाऱ्यांनी जे कागदावर केलं, ते आम्ही मैदानावर केलं होतं. ऐकू आलेल्याला दंड केला, आणि न दिसलेलं सोडून दिलं. म्हणून अकोल्याच्या त्या काकांना आमचं पहिलं उत्तर हे : टीव्हीवर दिसणारा दंड आपल्या गावातल्या पंचाला शिकवतो, काय मोठं आणि काय लहान ते.

आता दुसरा प्रश्न. दंड कोणाच्या खिशाच्या मानानं?

टक्के हा शब्द ऐकला की आपल्याला वाटतं, न्याय झाला. ज्याचं जास्त त्याचं जास्त कापलं जाईल. पण इथं मेख आहे. २०२५ च्या हंगामात सामन्याचं मानधन सगळ्यांना सारखंच होतं, साडेसात लाख. मग ५० टक्के म्हणजे सगळ्यांना तेच पावणेचार लाख. नाव टक्क्यांचं, काम ठोक रकमेचं.

आपल्याच दोन पोरांवरून पाहू. दोघांवर कसलाही आरोप नाही, फक्त मापासाठी त्यांची नावं घेतो. २०२५ साठीच्या लिलावात अमरावतीच्या जितेशला बेंगळुरूनं ११ कोटींना घेतलं. अकोल्याच्या अथर्व तायडेला हैदराबादनं ३० लाखांना. समजा दोघांनाही एकाच चुकीसाठी ५० टक्के दंड झाला. अथर्वच्या करारातला तो आठवा भाग. जितेशच्या करारातला जवळजवळ तीनशेवा. साखळीचे चौदाही सामने दोघं खेळले आणि मानधनाचे १ कोटी ५ लाख दोघांच्या कमाईत धरले, तरी एकाचे २.८ टक्के जातात, दुसऱ्याचे ०.३ टक्के. आणि ३० लाखांच्या पोराला चौदा सामने मिळतात कुठं! तो अर्धा हंगाम पाण्याच्या बाटल्या घेऊन मैदानात येतो.

फिनलंडमध्ये वाहन वेगात चालवलं तर दंड उत्पन्नावर ठरतो. २००२ साली नोकिया कंपनीच्या एका बड्या अधिकाऱ्याला मोटारसायकल जोरात चालवल्याबद्दल १ लाख १६ हजार युरोंचा दंड लागला होता. जगभर हसू झालं, पुढं तो कमीही झाला. पण तत्त्व साधं आहे : शिक्षा दोघांना सारखी दुखली पाहिजे, सारखी दिसून उपयोग नाही.

आणि दुखली नाही तर काय होतं? इस्रायलमध्ये हैफा शहरातल्या दहा पाळणाघरांचा एक अभ्यास प्रसिद्ध आहे. आईबाप मुलांना न्यायला उशिरा येत, म्हणून काही पाळणाघरांनी छोटा दंड लावला. उशीर कमी व्हायचा तो वाढला, जवळजवळ दुप्पट झाला. आधी बाईंना ताटकळत ठेवल्याची लाज वाटायची. आता लोक म्हणाले, पैसे देतो ना! पुढं दंड बंद केला तरी लाज परत आली नाही. थोडक्यात, परवडणारा दंड म्हणजे भाडं. श्रीमंत खेळाडूला दंड लावून आपण त्याला धोकादायक फटका विकत देतो.

याचं मोठं उदाहरण अमेरिकेत आहे. तिथल्या फुटबॉलमध्ये लांबट चेंडू हातात घेऊन पळतात आणि समोरचा अंगावर येऊन आडवं पाडतो. धडक हाच खेळ. ऑक्टोबर २०१० मध्ये पिट्सबर्गच्या जेम्स हॅरिसननं क्लीव्हलँडच्या मोहम्मद मॅसाकोईला अशी धडक दिली की त्याच्या डोक्याला मार बसला. लीगनं हॅरिसनला ७५ हजार डॉलर दंड केला. आणि त्याच धडकेचं छायाचित्र लीगच्या संकेतस्थळावर विक्रीला होतं! बोंब झाल्यावर ते काढलं. एका हातानं दंड, दुसऱ्या हातानं विक्री. दंडानं हॅरिसन थांबला का? नाही. पुढच्या वर्षी डिसेंबरमध्ये त्यानं आणखी एकाला तशीच धडक दिली. तेव्हा मात्र लीगनं त्याला एका सामन्यासाठी बाहेर बसवलं.

तिसरा प्रश्न, आणि आमच्या मते सगळ्यात मोठा. दंड कोणाकडे जातो?

त्या अमेरिकन लीगमध्ये दंडाचे पैसे निवृत्त खेळाडूंच्या मदतीला आणि धर्मादाय कामांना जातात. चांगलं आहे. पण ज्याला धडक बसली, त्याच्या घरी त्यातलं काही जात नाही. क्रिकेटच्या संहितेतही दंड भरायचा तो संस्थेकडे. मीरपूरच्या त्या पंधरा टक्क्यांत अफिफ हुसेनचा वाटा कुठंच नाही. कोट्यवधींच्या करारवाल्याला त्याची गरज नसेल. पण ३० लाखांवाल्याला? रणजीच्या उंबरठ्यावर असलेल्याला? आणि आमच्या त्या जिनिंगवाल्या पोराला? दीड महिन्याची रोजी म्हणजे त्याचा समुत्थानव्यय. तो त्याच्या आईनं भरला.

इथं चिठ्ठ्या आल्या आहेत. दोन घेतो.

पहिली : "सर, खेळात लागतंच. लागलं की दंड करायचा म्हटलं तर खेळ उरेल का?"

अगदी बरोबर विचारलंत. नोव्हेंबर २०१४ मध्ये सिडनीत शॉन ॲबटच्या उसळत्या चेंडूनं फिलिप ह्यूज गेला. चेंडू नियमात होता. ॲबटचा काही दोष नव्हता, कोणी त्याला शिक्षा केली नाही आणि ते योग्यच झालं. म्हणजे रक्त किती सांडलं यावरून दोष ठरवायचा नाही. उलटही खरं. मानेत हात घातला आणि नशिबानं काही मोडलं नाही, तरी दोष तेवढाच. मोजायचा तो कृतीतला धोका.

हे अवघड आहे, अशक्य नाही. क्रिकेटनं एका जागी ते केलेलं आहे. टप्पा न पडता कमरेच्या वर आलेला चेंडू, ज्याला आपण बीमर म्हणतो, तो नो-बॉल. पंचाला धोकादायक वाटला तर ताकीद. पुन्हा तसाच पडला तर गोलंदाजाच्या हातातून चेंडू जातो, त्या डावात तो परत टाकू शकत नाही. फलंदाजाला लागलं की नाही हे कोणी विचारत नाही. १७ एप्रिल २०२३ ला बेंगळुरूत चेन्नईविरुद्ध हर्षल पटेलला असंच विसाव्या षटकात थांबवलं, उरलेले चेंडू मॅक्सवेलनं टाकले. त्याच सामन्यात कोहलीला आचारसंहिता मोडल्याबद्दल १० टक्के दंड झाला. काय फरक आहे बघा. हर्षलच्या संघाला शेवटचं षटक फिरकीवाल्याकडून संपवावं लागलं, भर मैदानात, त्याच क्षणी. कोहलीच्या दहा टक्क्यांचं आपण दुसऱ्या दिवशी पेपरात वाचलं.

दुसरी चिठ्ठी : "मग तुमच्या मते करायचं काय?"

याचं उत्तर आम्हाला बाहेरून आणावं लागत नाही. १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी याच गावच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या मंडळींनी कबड्डी जगाला दाखवली. त्या खेळाचा नियम काय सांगतो? चढाई करणाऱ्याचं तोंड दाबलं, गळा आवळला, कैची मारली, इजा होईल अशी पकड केली, तर चढाईवाला बाद नाही. म्हणजे चुकीच्या पकडीचं फळ पकडणाऱ्याला मिळतच नाही. आणि आता कार्डं आली आहेत. हिरवं म्हणजे ताकीद, पिवळं म्हणजे दोन मिनिटं बाहेर, लाल म्हणजे सामन्यातूनच बाहेर. सातातला एक दोन मिनिटं बाहेर बसला की उरलेल्या सहांना कळतं, मान धरायची नाही. यात कोणाचा करार ३० लाखांचा आणि कोणाचा ११ कोटींचा हा प्रश्नच येत नाही. दोन मिनिटं सगळ्यांची सारखीच असतात. नियम आपल्याकडे होता. त्या रात्री दर्यापूरकडे तो वापरणारा पंच नव्हता, एवढंच.

म्हणून आमचं म्हणणं तीन वाक्यांत सांगतो. शरीराच्या धोक्याला पहिली शिक्षा पैशाची नसावी, खेळातून बाहेर काढण्याची असावी, तिथल्या तिथं. पैशाचा दंड करायचाच असेल तर तो कमाईच्या मानानं असावा, आणि आधी ज्याला लागलं त्याच्या उपचाराला आणि बुडालेल्या रोजीला जावा. आणि वही लिहिणं, शिवी देणं, हातवारे करणं याला ताकीद असावी, दंड असावा, पण माणूस पाडण्यापेक्षा तो कधीही मोठा नसावा.

शेवटच्या वाक्याला एक हरकत येते, तीही सांगतो. शिवीतही कधी कधी फार मोठी हिंसा असते. जातीवरून, रंगावरून दिलेली शिवी हा नुसता वाक्पारुष्याचा मामला नाही, त्याला वेगळी आणि कडक शिक्षा हवीच. आम्ही बोलतोय ते रागाच्या भरात तोंडातून निघालेल्या शब्दाबद्दल आणि हवेतल्या वहीबद्दल.

मोठ्या लीग आमचं ऐकतील अशी आशा नाही. पण दिवाळीनंतर इथं अमरावतीत, अकोल्यात, परतवाड्यात, मूर्तिजापुरात, गावोगाव खुल्या स्पर्धा सुरू होतील. कबड्डीच्या, टेनिस बॉलच्या. पहिलं बक्षीस अमुक, दुसरं बक्षीस तमुक, असे फलक लागतील, त्यावर पुढाऱ्यांचे फोटो लागतील. तुमच्यापैकी काही जण आयोजक असाल, काही वर्गणी देणारे. त्या फलकावर एक ओळ वाढवायला सांगा : जखमी खेळाडूचा उपचार आणि रोजी स्पर्धेकडून. स्पर्धेत जो काही दंड गोळा होईल तो याच खात्यात. प्रवेश फीतून थोडा वाटा बाजूला काढला तर मंडपवाल्याचं काही बुडत नाही.

आणि पंच म्हणून उभं राहणाऱ्यांना एक विनंती. कोणी शिवी दिली, तर शिट्टी वाजवण्याआधी एकदा त्याच्या खांद्याकडे बघा.

अकोल्याच्या काकांनी विचारलं होतं, आपल्याले काय करायचं. तर काका, तुम्ही ऐकत असाल तर एवढंच करायचं. आमच्याकडून त्या पोराचे ५०० रुपये अजून द्यायचे राहिले आहेत. तो आता चाळिशीचा असेल. भेटला तर देऊ.